अर्धं विणलेलं घर

रानांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. वणव्यात निम्मं रान जळलं. कारभारी हत्तीने हुकूम काढला, "पावसाआधी सगळ्यांना घरं!" काम सोपवलं सुगरण पक्ष्याला. त्याने उंच बाभळींवर एकसारखी, देखणी, लोंबती घरटी विणली. पण ससा आणि साळिंदर खालीच उभे.

"आयतं घर मिळतंय, तरी यांची तोंडं वाकडी!" पक्षी चिडला.

त्याची बायको म्हणाली, "अहो, आपलं घरटं अर्धं विणून आधी मला दाखवलंत. मी आत बसून पाहिलं, हो म्हटलं, तेव्हा कुठे पुरं केलंत. यांना कुणी विचारलं?"

पक्षी ओशाळला. खाली उतरून एकेकाला विचारू लागला. साळिंदराला दोन तोंडांचं बीळ हवं होतं, सशाला गवताचा आडोसा. शेवटी कासव आलं.

पक्षी हसला. "तुझं घर तर तुझ्या पाठीवरच आहे. तुला काय हवं?"

"शेजार," कासव म्हणालं. "सगळ्यांच्या घरांच्या मधोमध थोडी सावली मोकळी ठेवा. तिथे भेटू."

पक्ष्याने आखणी पुन्हा सुरू केली, ती त्या सावलीपासून.