पितळी खलातले हिरडे

“तुम्ही फक्त एवढंच सांगा, आबा... हे दुखणं हिच्या माहेरून आलंय की नाही?”

आबा हिरडे निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा विश्वंभर, त्यांचाच जुना शिष्य, आता तालुक्यातला नावाजलेला वैद्य. मागे त्याची सून कालिंदी, पदर घट्ट धरून. बाहेर गाडीत तिची ट्रंक होती. आबा ‘हो’ म्हणाले की ट्रंकेसकट कालिंदीची रवानगी माहेरी होणार होती.

“झटके कधीपासून?”

“गेल्या दिवाळीपासून. लग्नाला तीन वर्षं झाली. आधीचे लपवले असणार त्यांनी! आमच्या घराण्यात हे नाही, आबा. पंधरा माणसांचं घर, गोठ्यात दूध. आमच्याकडे काय कमी?”

“अपस्मार म्हणजे काय रे?”

विश्वंभर हसला. “मला विचारता? अप म्हणजे जाणं, स्मार म्हणजे स्मृती. माझे विद्यार्थीसुद्धा झोपेत सांगतील.”

“आणि कारणं?”

“तोंडपाठ आहेत.”

“मग म्हण. पूर्वी म्हणायचास तशी.”

आबांनी पितळी खल कालिंदीपुढे सरकवला. शेजारी मूठभर हिरडे ठेवले.

“तो एकेक कारण म्हणेल, मुली. लग्नानंतर जे जे वाट्याला आलं, त्याला एक हिरडा टाक.”

“टाक, टाक,” विश्वंभर म्हणाला. “घाबरतेस कशाला?”

त्याने पाठ ताठ केली, डोळे मिटले.

“चिंता.”

टण.

“भय.”

शब्द पुरा व्हायच्या आत... टण.

“शोक.”

टण. टण.

विश्वंभरने डोळे उघडले. “एकदाच म्हटलं मी.”

“मूल दोनदा गेलं, मामंजी.”

इथे आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली होती. स्वतःच्याच आवाजाने दचकली.

विश्वंभर खाकरला. “क्रोध.”

तिचा हात खलावर थांबला.

“काय गं?” आबांनी विचारलं.

“केला नाही कधी... गिळलेला धरायचा का?”

“तोच आधी.”

टण.

“पुढं,” आबा म्हणाले.

“अवेळी जेवण.” आता त्याचा आवाज खाली आला होता. “शिळं... उरलेलं अन्न.”

तिने सासऱ्याकडे पाहिलं नाही. हिरडा इतका हळू ठेवला की आवाजच झाला नाही.

तरी तो ऐकू आला.

“पुढं, विश्वंभर.”

विश्वंभरने खांद्यावरचं उपरणं सावरलं.

“पुढं?”

“आठवत नाही, आबा.”

“बघ. तोंडपाठ आहेत म्हणालास.”

विश्वंभरने दाराकडे पाहिलं. गाडीतली ट्रंक इथूनही दिसत होती. त्याने नजर वळवली, तर समोर खल.

आबा उठले. त्याच्या खांद्यावरचं जरीकाठी उपरणं त्यांनी ओढून घेतलं. खलातले सगळे हिरडे त्यात ओतले, आवळून गाठ मारली, आणि ती पुरचुंडी त्याच्या हातात दिली.

“औषध हिला मी देतो,” ते म्हणाले. “हे तुझं... घरी ने.”