बांडीचे दोन प्रश्न

ऐका पोरांनो, आणि मागं बसून पान चघळणाऱ्या मोठ्यांनो, तुम्हीही ऐका. ही गोष्ट आपल्या खापरपणजीच्याही आधीची आहे.

डोंगरातल्या एका राज्यात लोक कातड्याच्या पिशव्या वापरत. पिशवी फाटली की उकिरड्यावर टाकायची, कुजली की खत म्हणून शेतात न्यायची, अशी तिथली रीत होती. तिथली राणी मोठी मायाळू. पिशव्यांसाठी जनावरं मारतात याचं तिला फार वाईट वाटे.

एके दिवशी तिथं एक व्यापारी आला. त्याच्याकडे चकचकीत हिरव्या पिशव्या होत्या.

"केळीच्या पानांच्या आहेत हो!" तो ओरडायचा. "एकही गाय मेली नाही, धरणीमातेला ओरखडा नाही!"

राणी हरखली. तिनं एक पिशवी घेतली आणि तिच्यावर सोनेरी मोर काढून घेतला. राणीनं घेतली म्हटल्यावर काय विचारता, सगळ्या राज्यानं घेतली. चांगल्या धडधाकट जुन्या पिशव्या फेकून घेतली, बरं का!

थोड्याच दिवसांत नव्या पिशव्यांची सालं निघाली. लोकांनी सवयीनं त्याही उकिरड्यावर टाकल्या. पानंच ती, कुजतील, असं सगळ्यांना वाटलं. कुजतात कसल्या! पाऊस गेला, थंडी गेली, पिशव्या होत्या तशाच.

त्या उकिरड्यावर बांडी नावाची गाय वासराला घेऊन यायची. एका पिशवीला गुळाचा वास होता. वासरानं ती खाल्ली आणि त्याचं पोट टम्म फुगलं. वैदूनं त्याच्या घशातून एक तुकडा ओढून काढला.

"बाकीचं पोटात गेलंय गं बाई," तो म्हणाला. "आता माझ्या हातात काही नाही."

बांडीनं वासराला चाटलं. मग तो तुकडा तोंडात धरून ती थेट राजवाड्याकडे निघाली. पहारेकऱ्यांनी भाले आडवे केले. ती भाल्यांना छाती लावून उभी राहिली, शेवटी त्यांनाच बाजूला व्हावं लागलं.

दरबारात व्यापारी नवा माल मांडून बसला होता. बांडीनं तुकडा त्याच्यापुढे टाकला.

"ही कशाची रे?"

"केळीच्या पानांची."

"अरे, जन्मभर पानं खात आले मी. पान ओळखायला मला शिकवतोस? पान असतं तर माझं वासरू आत्ता निवांत रवंथ करत बसलं असतं."

"आहेत ना त्यात पानं!"

"किती?"

व्यापारी मांडलेला माल मागं सारू लागला. "चिमूटभर. बाकी जमिनीतलं काळं तेल उकळून केलेला लगदा आहे."

"आणि फाटल्यावर ही जाते कुठं?"

"ते... ते मी कधी पाहिलं नाही."

एक दरबारी वैतागला. "मग काय, पुन्हा गाई मारायच्या का आम्ही?"

"मी कुठं तसं म्हणतेय?" बांडी म्हणाली. "कातड्याची पिशवी म्हणजे माझीच एखादी बहीण. ते दुःख माझ्याइतकं कुणाला कळणार? पण माझा जीव वाचवला असं सांगून माझ्या लेकराचा घेऊ नका."

राणीनं तुकडा उचलला, उलटा केला. त्यावर सोनेरी मोर होता.

"ही माझी आहे," ती कसंबसं म्हणाली, आणि अनवाणीच उकिरड्याकडे धावली. बांडीही मागोमाग धावली. पण दोघी पोहोचल्या तेव्हा वासरू थंड पडलं होतं. राणी तिथंच मातीत बसून रडली.

मग ती उठली आणि तिनं हुकूम दिला की, व्यापाऱ्यानं विकलेली प्रत्येक पिशवी उकिरड्यातून स्वतः वेचून परत न्यावी. ती नुसता हुकूम देऊन थांबली नाही, त्याच्या शेजारी बसून तिनंही पिशव्या वेचल्या. राजवाड्यात पडून असलेल्या आपल्या जुन्या कातडी पिशवीला ठिगळ लावून तिनं पुढं तीच जन्मभर वापरली.

आणि बांडी? तिचे डोळे कितीतरी दिवस वाहत होते. पण ती जाऊन बाजाराच्या वेशीत उभी राहिली. कुणी नवा माल घेऊन आला की ती वाट अडवायची आणि विचारायची, "कशापासून केलंस? आणि शेवटी हे जाणार कुठं?" खरं सांगेल त्यालाच ती वाट द्यायची. तिला हाकलायची हिंमत राणीनंही कधी केली नाही.

तात्पर्य: पुण्याच्या नावानं विकली जाणारी वस्तूसुद्धा, ती कशातून आली आणि शेवटी कुठं जाणार, हे विचारल्याशिवाय घेऊ नये.