वडाच्या बदल्यात मी

शहराचे रस्ते रुंद होऊ लागले तेव्हाची गोष्ट. चौकातला जुना वड तोडला आणि त्याची भरपाई म्हणून नगरपालिकेने तिथेच कडेला मला लावलं. मी करंजाचं रोप, हातभर उंचीचं. भोवती माझ्या दुप्पट उंचीचा पिंजरा आणि त्यावर पाटी: ‘वडाच्या बदल्यात’. ती वाचून मी असा ताठ उभा राहिलो, की वाऱ्यालाही हललो नाही. हलायला पानं चारच होती, ते वेगळं.

वडाखाली चपला शिवणारे गेनूकाका आता छत्री घेऊन आले.

“बसा काका,” मी म्हटलं, “वडाच्या जागी आता मीच आहे.”

“बरं झालं बाबा. कुठे बसू?”

मी माझी सावली शोधली. ती पिंजऱ्यातच संपत होती.

“जरा थांबा. वाढतोय मी.”

दुपारी ऊन तापलं आणि मी मान टाकली. काका उठले, छत्री माझ्या पिंजऱ्याला बांधली आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून उन्हात शिवत बसले.

एका गिऱ्हाइकाने पाटी वाचून विचारलं, “वडाच्या बदल्यात लावलेलं झाड कुठाय?”

काका दोरा ओढत म्हणाले, “सावलीत बसलंय.”