बाहेरची कडी

“आणि माणसं, मास्तर? ती राहिली की.”

नाखवाबाबांनी मध्येच विचारलं, तेव्हा सुधन्वा खांबेटे कोळशाच्या खाणीपर्यंत पोचला होता. बेटाची जमीन सांगून झाली होती, हवा सांगून झाली होती. पूर्वी इथे देवमासे मारून तेल काढत, मग कोळसा निघाला, आता कोळसा सरत आला आणि पर्यटक वाढले, हेही झालं होतं. भूगोलाचा प्राध्यापक तो. उत्तर ध्रुवाच्या कुशीतलं हे बेट त्याला तळहातासारखं पाठ होतं.

“माणसं दोन हजारांच्या आसपास,” तो म्हणाला. “पण मूळची एकही नाही. इथे कुणी जन्मत नाही, कुणाला पुरत नाहीत. जमीन बारा महिने गोठलेली असते. जो आहे तो बाहेरून आलेला. तुम्ही हर्णैहून, मी नाशिकहून.”

“बरं सांगता,” बाबा म्हणाले आणि डाव्या हाताने किटली चुलीवर ठेवली.

उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. सुधन्वाने ते आल्या आल्याच पाहिलं होतं, पण आज त्याची परीक्षा होती आणि परीक्षेच्या दिवशी माणसाला स्वतःपलीकडचं फारसं सुचत नाही.

खाली धक्क्यावर मोसमातलं शेवटचं जहाज उभं होतं. ते सुटलं की वसंतापर्यंत दुसरं नाही. उन्हाळाभर सुधन्वा या कोकणी फकिराच्या मागे लागला होता, मला शिष्य करा, हिवाळाभर राहू द्या. बाबा नुसते हसायचे. शेवटी म्हणाले होते, जहाजाच्या दिवशी या, मला हे बेट समजावून सांगा, मग बघू.

त्याला परत जायचं नव्हतं. बायको गेल्यापासून नाशिकच्या घरात त्याची वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं, आणि त्या घराचं दार उघडायची त्याला आता भीतीच वाटायची.

इतक्यात दार ढकलून एक बाई आत आली. बूट काढून उंबऱ्याशी ठेवले, चुलीशी हात शेकले, किटलीतला चहा स्वतःच ओतून घेतला, प्याली, बाबांकडे बघून मान हलवली आणि गेली.

“कोण होत्या?”

“विचारलं नाही.”

“दार न वाजवताच आल्या...”

“उघडंच होतं. वाजवायचं कशाला?”

सुधन्वा समजूतदारपणे हसला. “ठाऊक आहे मला. इथे कुणी दाराला कडी लावत नाही. अस्वल मागे लागलं, तर माणसाला दिसेल त्या घरात शिरता यावं. माझ्या पुस्तकात त्यावर अख्खं प्रकरण आहे.”

“अख्खं?”

“सर्वांत मोठं.”

चहा ओतताना बाबांच्या डाव्या हातून जरा सांडला.

“अस्वल पाहिलंत का कधी, मास्तर?”

याच प्रश्नाची तर सुधन्वा वाट पाहत होता. तो सरसावून बसला.

“पाहिलं नाही, पण शनिवारी माझ्याच दाराशी आलं होतं. वादळ सुटलं होतं. मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे श्वासावर मन ठेवून बसलो होतो आणि एकदम दार धडधडायला लागलं. बाबा, खरं सांगतो, उन्हाळ्याच्या सुरुवातीला माझी गाळण उडाली असती. पण मी डोळेसुद्धा उघडले नाहीत. मन जागचं हललं नाही.”

“दार तुटलं नाही?”

“कसं तुटेल? नाशिकहून येताना पितळी कडी आणली होती. पहिल्याच दिवशी आतून बसवली. सवय हो... कडी लावल्याशिवाय झोप लागत नाही.”

“हं.” बाबांनी पेला खाली ठेवला. “कसं वाजत होतं दार?”

“असं.”

सुधन्वाने मूठ वळून टेबलावर आपटली. तीन थापा. मग थांबला. पुन्हा तीन थापा. मग थांबला. पुन्हा...

मूठ वरच्या वर राहिली.

थांबत होतं. दर तीन थापांनंतर ते थांबत होतं. अस्वल कशाला थांबेल? आतून कुणी ओ देईल म्हणून वाट बघतो तो माणूस.

त्याने बाबांच्या हातावरच्या फडक्याकडे पाहिलं.

“बाबा... तुम्ही?”

“मासे आणत होतो तुमच्यासाठी. ते मागून येत होतं. तुमचंच दार जवळ होतं.”

“मग...?”

“मासे त्याला दिले. घाईत हातमोजाही गेला. ते खाण्यात रमलं, मी खाणवाल्यांच्या घरापर्यंत चालत गेलो. गारठ्याने दोन बोटं जातील म्हणतात.”

“हाक तरी मारायची, बाबा!”

“मारली.”

हाक सुधन्वाने ऐकली होती. ‘मास्तर, मास्तर’ अशी, अगदी स्पष्ट. ध्यानात असे आवाज येतात, त्यांच्यामागे जायचं नसतं, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. आपण गेलो नाही याचा त्याला त्या दिवशी आनंद झाला होता.

“ऐकली होती मी,” तो म्हणाला. “मनाचा खेळ वाटला.”

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. ते नुसते चुलीत कोळसा सारत होते, डाव्या हाताने, सवय नसलेल्या माणसासारखे.

धक्क्यावर भोंगा वाजला.

सुधन्वा उठला. उंबऱ्याशी जाऊन बूट चढवू लागला, पण नाड्या काही केल्या बांधल्या जाईनात. डोळ्यांतलं पाणी बुटावर पडत होतं आणि ते पुसायची त्याला लाज वाटत होती.

“जातो, बाबा. जायच्या आधी ती कडी उपटून समुद्रात टाकतो.”

बाबा उठले. फळीवरच्या डब्यात चाचपून त्यांनी एक स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि त्याच्यापुढे धरला.

“चांगली पितळेची कडी कशाला टाकतोस? काढ, आणि बाहेरच्या अंगाने बसव.”

सुधन्वाने मान वर केली. उन्हाळाभरात बाबांनी त्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं होतं.

दुसरा भोंगा झाला. तो जागचा हलला नाही. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन तो बाबांच्या दाराच्या आतल्या, मग बाहेरच्या बाजूकडे पाहत राहिला.

“पण बाबा... मी आत असताना कुणी बाहेरून लावली तर?”

“मग दार वाजव,” बाबा म्हणाले. “इथे उघडतात.”