हौद्याच्या काठावरचा पिटबुल

“...मग भावाला चावलाच कसा, वस्ताद? रक्तच वाईट आहे त्याचं!”

हिंदुराव असा ओरडला की तालमीतल्या पोरांचे जोर थांबले. त्याच्या हातात साखळी होती आणि साखळीला त्याचा पिटबुल कुत्रा, भैरू. आदल्या दिवशी तो हिंदुरावच्या धाकट्या भावाला चावला होता. आता डॉक्टरकडं नेऊन सुई टोचायची आणि त्याला कायमचा संपवायचा, असं ठरवूनच हा गडी निघाला होता. पण आमच्या तालमीत वस्तादांना विचारल्याशिवाय कुणी लग्नसुद्धा करत नाही, म्हणून वाटेत थांबला. विचारतोय कसला, नुसता होकार घ्यायला आलेला!

आण्णाप्पा वस्ताद कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसले होते.

“भाऊ काय करत होता?”

“दोरीवरचा टॉवेल काढायला हात वर केला. एवढंच!”

“हं... आणि रक्त वाईट कसं?”

“इंग्रजांनी बैलांच्या अंगावर सोडायला काढलेली जात ही. पुढं कुत्र्याकुत्र्यांच्या झुंजी लावायचे. रिंगणात एकमेकांचा जीव घ्यायची.”

“झोंबलेली कुत्री सोडवायचं कोण?”

“मालक. आत उतरून.”

“हातानं?”

“...हातानं.”

“आणि मालकालाच चावलं तर?”

हिंदुराव साखळी मनगटाला गुंडाळायला लागला.

“बोल की! कुत्रं आणलंस तेव्हा चौकात छाती फुगवून तूच सांगत होतास.”

“तसलं कुत्रं ठेवत नव्हते. त्याची पैदास पुढं नेत नव्हते.”

“म्हणजे माणसाच्या हाताला न चावणाऱ्यांची ही अवलाद.”

वस्ताद उठले. हौद्यातली मूठभर तांबडी माती घेतली आणि नव्या पोराला पहिल्या दिवशी लावतात तशी भैरूच्या कपाळाला लावली, पाठीला चोळली. चोळता चोळता त्यांची बोटं थांबली. पाठीवर वळ होते, कमरेच्या पट्ट्याचे.

पहिलवान म्हणे! कुत्रं गुरगुरत नाही म्हणून हा गडी मुक्या जनावराला फोडून काढायचा. माझं तर डोकंच फिरलं.

“हात वर कर,” वस्ताद हिंदुरावला म्हणाले.

“वस्ताद, मी...”

“कर म्हणतो ना!”

हिंदुरावनं हात वर केला.

भैरूनं पोट जमिनीला टेकवलं. थरथरत तिथंच मुतला बिचारा.

हिंदुरावचा हात बराच वेळ वरच राहिला, मग हळूहळू खाली आला.

वस्तादांनी भैरूच्या गळ्यातली साखळी काढली आणि कोपऱ्यात भिरकावली. तालमीचं दार सताड उघडं होतं. भैरू उठला. त्यानं दाराकडं बघितलं... आणि हिंदुरावकडं गेला. तोच हात चाटायला लागला.

वस्तादांचे डोळे लाल झाले होते.

“त्यानं जात दाखवली, हिंदुराव. आता तू दाखव.”