हात फळीवर

कोणे एके काळी, आपल्या पणजीची पणजी परकरात बागडत होती त्याच्याही आधी, डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं. नगराला राजा होता, राणी होती, आणि बाजाराच्या तोंडाशी एका मण्यारणीचं दुकान होतं. राजावाचून एखादा दिवस निघाला असता, पण मण्यारणीवाचून बायकांचं पान हलत नव्हतं.

दुकान तरी कसलं? चार खांब, वर झाप, आणि पुढ्यात शिसवाची लांब फळी. फळीवर कुंकवाचे करंडे, काजळाच्या डब्या, मेणाच्या वाट्या, फण्या. कुणी म्हणालं, "आत्या, काजळ द्या," की मण्यारीण आधी विचारायची, "चुलीला धूर फार होतो का गं? डोळ्यांतून पाणी येतं का?" मग जे मानवेल तेच द्यायची. महागडी डबी कुणी उचलली तर हातातून काढून घ्यायची. म्हणायची, "ही तुला नको, बये. तुझ्या कातडीला सोसायची नाही."

त्या नगरात राही नावाची लोहाराची नवी सून होती. नवरा घण घाली, सासू निखारे सारी, आणि राही भाता ओढी. हात काळे, मनगटावर ठिणग्यांचे डाग. पण मनानं मोठी हौशी पोर.

चैत्र आला. राणीच्या महालात गौर बसली. त्या नगराची एक रीत होती. हळदीकुंकवाला कारागिरांच्या घरची एकेक बाई बोलवायची, आणि तिनं त्याच सकाळी घडवलेली वस्तू घेऊन कामावरून तशीच उठून यायचं. कुंभारणीनं पणती आणायची, साळिणीनं खण आणायचा. राणी ती वस्तू गौरीपुढे ठेवी, आणि मग वर्षभर महालाचं काम त्या घराला. पण जिचं कुंकू गौरीपुढे ओघळेल, तिची वस्तू मात्र राणी उचलत नसे. अपशकुन म्हणत. आता चैत्राचं ऊन ते! मागल्या साली बुरुडणीचं कुंकू नाकावर उतरलं, आणि बुरुडाच्या घरी वर्षभर कुणी सुपल्या सांगायला आलं नाही.

सासूचे गुडघे धरले होते. ती म्हणाली, "राही, यंदा तू जा. झारा घेऊन जा. आणि कपाळ सांभाळ, बाई. महालाचं काम गेलं तर भात्यात वारा भरून काय खायचाय?"

राहीनं राख लावून तोंड घासलं, धुवट लुगडं नेसली आणि मण्यारणीकडे गेली. त्या काळी टिकली नव्हती. कपाळावर आधी मेणाचं बोट फिरवायचं, मग त्यावर कुंकू दाबायचं. मेण चांगलं तर कुंकू चांगलं.

फळीपाशी सावकारीणबाई उभी होती. नाकात टपोरी नथ, पाठीशी छत्री धरलेली दासी. तिला पाहिलं आणि राहीनं आपले हात पदराखाली ओढून घेतले.

मण्यारणीनं विचारलं, "काय हवं, लेकी?"

"न ओघळणारं कुंकू आणि त्याखालचं मेण."

"काम काय करतेस? उन्हात असतेस का सावलीत?"

राहीनं सावकारणीकडे तिरप्या डोळ्यानं पाहिलं. जीभ घसरली. "छे, ऊन कुठलं! झोपाळ्यावर बसून असते. फार तर फुलं ओवते."

मण्यारणीनं मऊ मेणाची वाटी पुढे केली. "मग हे ने. चमेलीच्या तेलात घोटलंय. बसल्या बाईचं कपाळ नाजूक असतं, घट्ट मेण त्याला ओढतं."

राही हरखून घरी आली. दुसऱ्या दिवशी आधी करून बघावं म्हणून मेण लावलं, कुंकू दाबलं आणि भात्यापाशी बसली. लोखंड लाल व्हायच्या आत राहीचं नाक लाल झालं.

सासू म्हणाली, "अगं, नाकच रंगवायचं होतं तर गेरू होता की घरात!"

नवरा हसला, पण पोटातून नाही. महालाचं काम म्हणजे वर्षाची भाकरी. आणि गौरीचं हळदीकुंकू दुसऱ्याच दिवशी होतं.

राही तरातरा दुकानात गेली. फळीपाशी दहा बायकांची गर्दी, सावकारीणही होतीच. राहीनं वाटी आपटली. "हे घ्या तुमचं मेण! फसवलंत मला."

मण्यारीण रागावली नाही. तिनं वाटी उचलून वास घेतला. "मेण तर चांगलं आहे. वितळलं कुठे?"

"भात्यापाशी!"

"भाता? अगं, तू तर झोपाळ्यावर बसतेस ना?"

बायका फिसकन हसल्या. राहीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मागे फिरावं तर उद्या महाल, पुढे बोलावं तर आज लाज. पण तिला सासूचे गुडघे आठवले आणि लाज गिळली. तिनं पदराखालचे दोन्ही हात काढून फळीवर ठेवले. काळे, घट्टे पडलेले, डागांचे.

"मी लोहाराची सून आहे, आत्या. भाता ओढते. काल लाजेपायी खोटं बोलले."

मण्यारणीनं ते हात आपल्या हातात घेतले. उलटे केले, सुलटे केले. म्हणाली, "एवढे बोलके हात, आणि पदराखाली कोंडले होतेस! काल तू जी सांगितलीस, त्या बाईला मी बरोबरच मेण दिलं. ती बाई तू नव्हतीस, एवढंच."

या वेळी सगळ्या हसल्या, पण ते हसणं बोचलं नाही.

मग मण्यारणीनं तळातली वाटी काढली. चिमूटभर राळ घालून केलेलं घट्ट मेण. "हे ने. डोक्याला उद्या तेल घालू नकोस, ते उतरतं कपाळावर. कपाळ डाळीच्या पिठानं धू, कोरडं पूस. मेण नखावर ऊब देऊन बारीक लाव. जाड लावलंस तर माझं नाव सांगू नकोस."

"आणि कुंकू? राणीसाहेब लावतात तसलं?"

"तुझ्या घरचं कोणतं?"

"सासूबाई हळदीचं करतात."

"मग ते सोडून इकडे काय हुडकतेस? तेच लाव."

तेवढ्यात सावकारीण हळूच पुढे सरकली. तिनं नथ सावरली आणि अंगठ्यांनी भरलेले दोन्ही हात फळीवर ठेवले. खालच्या आवाजात म्हणाली, "आत्या, मलाही खरं सांगायचंय. ते महागातलं कुंकू मी हट्टानं नेते खरं, पण रात्रभर कपाळ खाजतं. मोठ्या घरचं कपाळ, सांगायचं कसं?"

मण्यारीण म्हणाली, "खाज काय घर बघून येते होय? महिनाभर नुसतं चंदन लावा. मग हिच्या सासूचं हळदीचं कुंकू मागून न्या."

दुसऱ्या दिवशी राहीनं भाता ओढला, झारा घडला. तो कोमट असतानाच ती ऊन तुडवत महालात गेली. घाम कानामागून वाहत होता, हनुवटीवरून ठिबकत होता. बायका टक लावून तिच्या कपाळाकडे बघत होत्या. कुंकू जागच्या जागी, उगवत्या सूर्यासारखं गोल.

राणीनं झारा उचलला, गौरीपुढे ठेवला आणि कौतुकानं विचारलं, "कुठलं गं हे कुंकू?"

राहीच्या जिभेवर पुन्हा एक झोपाळा झुलून गेला. पण तिनं हात पुढे केले. "राणीसाहेब, कुंकू सासूचं, मेण मण्यारणीचं आणि घाम माझा."

राणी खळखळून हसली. तिनं स्वतःच्या हातानं राहीला पन्हं दिलं. वर आंब्याची डाळ द्रोण भरून दिली, सासूसाठी.

महालाचं काम लोहाराच्या घरी राहिलं. शिवाय राणीनं बुरुडणीलाही सांगावा धाडला, की पुढल्या साली येताना आधी मण्यारणीकडे जा, आणि काय काम करतेस ते तिला नीट सांग.

तेव्हापासून त्या दुकानात एक रीतच पडली. राणी असो की मोळीवाली, आधी दोन्ही हात फळीवर ठेवायचे आणि मग काय हवं ते मागायचं. हात ठेवून ठेवून शिसवाची ती फळी आरशासारखी झाली. मण्यारीण म्हणायची, "मी काही मनातलं ओळखत नाही, बायांनो. तुम्ही सांगता, म्हणून मला कळतं."

म्हणून लहानथोरांनो, एवढं गाठीला बांधा: सल्ला मागायचा तर आधी आपलं खरं सांगावं, कारण खोट्या कपाळावर खरं कुंकूही टिकत नाही.