काचेतला तांब्या

"पण बाबा, आज नाही तर कधी येणार? उद्या संध्याकाळी प्रदर्शन उतरवतायत. परवापासून त्याच दालनात फुलपाखरं लागणार!"

मुकुंदबाबा नारळाच्या करवंटीने पाणी पीत होते. ते थांबले.

"फुलपाखरं? वा!"

यदुनाथ मनातल्या मनात चरफडला. टेकडीवरच्या या मठीत तो कित्येक वर्षं बाबांपाशी शिकत होता. शिकलेला, बोलण्यात पटाईत, आणि त्याची त्याला चांगलीच जाणीव. पण इतक्या वर्षांत बाबांनी त्याला एकदाही शाबास म्हटलं नव्हतं.

या उन्हाळ्यात मात्र त्याने कमालच केली होती. खालच्या गावातल्या संग्रहालयात दर सुट्टीत थोड्या दिवसांसाठी एखादं प्रदर्शन भरतं. यंदा यदुनाथने तिथल्या साहेबांचा पिच्छा पुरवून बाबांच्याच वस्तूंचं प्रदर्शन भरवलं. नाव दिलं, 'एका निरिच्छाचा संसार'. त्यासाठी त्याने बाबांचा तांब्या मागितला, बाबांनी दिला. घोंगडी मागितली, दिली. वहाणा मागितल्या, त्याही पायातून काढून दिल्या.

सुट्टीला आलेली माणसं मुलाबाळांसकट रांग लावून बघून गेली. बाबा तेवढे फिरकले नव्हते. आणि यदुनाथचा जीव त्या एका शब्दासाठी टांगणीला लागला होता.

"चल तर," बाबा उठले.

वैशाखातली दुपार. यदुनाथ बूट घालून पुढे, बाबा अनवाणी मागे. डांबराचा रस्ता नुसता भाजत होता. बाबा एका झाडाच्या सावलीतून दुसऱ्या झाडाच्या सावलीत चक्क पळत होते.

यदुनाथने मागे वळून पाहिलं. बाबांना प्रदर्शन बघायची किती घाई झाली आहे, असं वाटून तो सुखावला.

दालनात गारवा होता. पहिल्याच पेटीत तांब्या, चिंचेने घासून लख्ख केलेला, वर इवलासा दिवा.

बाबांच्या घशाला कोरड पडली होती. सवयीने त्यांचा हात तांब्याकडे गेला आणि काचेवर आपटला.

"ओ आजोबा!" रखवालदार खेकसला. "काचेला हात लावायचा नाही. वाचता येत नाही का?"

यदुनाथ लालबुंद झाला. "अहो, हे कोण आहेत माहीत तरी..."

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

दुसऱ्या पेटीत मखमलीवर वहाणा. तुटलेला अंगठा तारेने शिवलेला, तोही जसाच्या तसा. खाली पाटी होती: 'सद्गुरू मुकुंद महाराजांच्या पादुका'.

"पादुका कधी झाल्या रे या?" बाबांनी हळूच विचारलं.

"बाबा, वहाणा बघायला कोण येतं?"

"असं होय..."

मागून एक बाई आल्या. बरोबर दोन मुलं, हातात मोबाइल.

"आजोबा, जरा सरकता का? पादुकांच्या फोटोत तुमचे पाय येतायत."

बाबा लगबगीने बाजूला झाले. तळव्यांना फोड आले होते, त्यामुळे थोडे लंगडले. बाईंनी फोटो काढला आणि मुलांना नमस्कार करायला लावला. मुलांच्या शेजारी उभं राहून बाबांनीही पेटीला हात जोडले.

यदुनाथला अगदी भरून आलं. खुद्द बाबांनी नमस्कार केला! आता तो शब्द आल्याशिवाय राहत नाही.

बाहेर कडुनिंबाखाली पाण्याचा माठ होता. बाबा ओंजळी ओंजळीने पोटभर पाणी प्याले, थोडं पायांवर ओतून पारावर टेकले.

यदुनाथला राहवेना. "बाबा... कसं झालंय?"

फाटकातून माणसं आत जात होती, बाबा त्यांच्याकडे बघत राहिले.

"शाबास," ते म्हणाले.

यदुनाथच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याने हात जोडले.

"फार मन लावून केलं आहेस," बाबा म्हणाले. "बघताना वाटलं... या महाराजांना एकदा जिवंतपणी भेटायला हवं होतं."